आठवड्याला एक जादा ड्युटी

१२ मे, परिचारिका दिन. कॉन्फरन्स हॉलमध्ये केक कापला जातो, फुगे लावतात, बाहेरून आलेला कुणी तासभर श्वास कसा सोडायचा ते शिकवतो आणि फोटो निघतात. त्याच दिवशी इव्हिनिंगला चार जणींच्या जागी तीन जणी असतात आणि फोटोत नसलेल्या बहुतेक त्याच असतात. नर्सेसच्या बर्नआउटवर, म्हणजे कामाने पार संपून जाण्यावर, हल्ली बोललं खूप जातं, पण ते बोलणं माणसाच्या मनापाशी सुरू होऊन मनापाशीच संपतं. वॉर्ड इन्चार्ज म्हणून ड्युटी लिस्ट मी लावते. लिस्ट लावणाऱ्या कुठल्याही इन्चार्जला विचारा, कोणत्या महिन्यात कोण कोलमडणार हे तिला लिस्टवरच दिसलेलं असतं. म्हणून इथे लिस्टबद्दलच लिहिते. नवी मुंबईतल्या खासगी हॉस्पिटलचा तीस बेडचा जनरल वॉर्ड धरला आहे. ठाण्याकडची किंवा महापालिकेच्या रुग्णालयांतली गणितं आकड्यांनी वेगळी निघतील, पण पद्धत तीच.

मॉर्निंग ७ ते २.३०, इव्हिनिंग २ ते ९.३०, नाईट ९ ते ७.३०. ड्युटी बदलताना प्रत्येक वेळी अर्धा तास एकमेकांवर चढतो, तो ओव्हर देण्याघेण्यासाठी, म्हणजे पेशंटची माहिती पुढच्या ड्युटीच्या सिस्टरला सोपवण्यासाठी. मॉर्निंगला पाच सिस्टर, इव्हिनिंगला चार, नाईटला तीन. म्हणजे दिवसाला बारा ड्युट्या, वर्षाला ४,३८०.

एक सिस्टर वर्षात प्रत्यक्ष किती दिवस वॉर्डात उभी राहते? ३६५ मधून ५२ वीकली ऑफ वजा करा, उरले ३१३. सगळ्या रजा आणि सणाच्या सुट्ट्या मिळून ३८ धरल्या तर २७५. नाईटनंतरचे जादा ऑफ वर्षाला वीसेक, आणि बीएलएस (जीव वाचवण्याचे प्राथमिक उपाय), फायर ड्रिल, इन्फेक्शन कंट्रोल अशा ट्रेनिंगचे पाचेक दिवस. उरले २५०. आता ४,३८० ला २५० ने भागा. साडेसतरा येतात, म्हणजे अठरा सिस्टर लागतात.

एचआरचं गणित मात्र असं असतं: बारा ड्युट्या, वर दोन रिलिव्हर (सुट्टीवरच्यांच्या जागी येणाऱ्या), झाल्या चौदा. चौदा जणींच्या वर्षाला ३,५०० ड्युट्या होतात. ८८० कमी पडल्या. वॉर्ड काही बंद राहत नाही, त्यामुळे त्या ८८० कुणीतरी करतंच. चौदा जणींत वाटल्या तर प्रत्येकीच्या वाट्याला ६२-६३ जादा ड्युट्या येतात, आठवड्याला एकाहून जास्त. कधी ती डबल ड्युटी असते, कधी रद्द झालेला ऑफ, कधी ‘कॉम्प ऑफ देऊ नंतर’ असं बदली सुट्टीचं आश्वासन देऊन वहीत टाकलेला दिवस. ही वही एकदा पाहावी. एकेकीचे पंधरा-वीस कॉम्प ऑफ साठलेले असतात आणि मार्चअखेर ते लॅप्स होतात.

अठरा हा आकडा कुणी हवेतून काढल्यासारखा वाटू नये म्हणून एक पडताळा देते. केंद्र सरकारच्या स्टाफ इन्स्पेक्शन युनिटच्या निकषांत जनरल वॉर्डाला सहा बेडमागे एक सिस्टर धरली आहे, आणि वर्षभर तिन्ही पाळ्या चालवायच्या म्हणून वर ४५ टक्के पदं जादा धरायला सांगितली आहेत. बारावर ४५ टक्के म्हणजे १७.४. आपण हाताने काढलेला आकडा तिथेच येतो. नर्सिंग कौन्सिलचा सर्वसाधारण रुग्णालयासाठीचा निकष तर पाच रुग्णांमागे एक सिस्टर असा आहे. रात्री तीस बेडला तीन जणी म्हणजे दहाला एक, हे मी वर चालवून घेतलं, कारण बहुतेक ठिकाणी तेवढ्याच असतात. सहाला एक हे प्रमाण प्रत्येक पाळीला पाळायचं ठरवलं तर दिवसाला पंधरा ड्युट्या होतात आणि बावीस सिस्टर लागतात.

‘एखादा पेशंट जास्त घेतला तर काय बिघडतं?’ हा प्रश्न दर राउंडला येतो. त्याचं उत्तर २००२ साली अमेरिकेत मोजलं गेलं आहे. नर्सिंगच्या संशोधक लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी पेनसिल्व्हेनियातली १६८ रुग्णालयं तपासली. सिस्टरमागे एक पेशंट वाढला की शस्त्रक्रियेच्या रुग्णाचा तीस दिवसांत मृत्यू होण्याची शक्यता ७ टक्क्यांनी आणि सिस्टरच्या बर्नआउटची शक्यता २३ टक्क्यांनी वाढलेली दिसली. मॅनेजमेंटपुढे हे दोन्ही आकडे एकत्र ठेवावेत. नुसता दुसरा ठेवला तर पुन्हा परिचारिका दिनासारखा योगाचा तास येतो.

आता नाईट. वर्षाच्या नाईट १,०९५. अठरा जणींत वाटल्या तर महिन्याला पाच, चौदा जणींत साडेसहा. पण चौदाच्या चौदा कधीच नाईट करत नाहीत. एक गरोदर असते, एकीचं बाळ लहान, एकीचं मेडिकल सर्टिफिकेट, एक सीनियर म्हणून वगळलेली, एक नवीन म्हणून एकटी लावता येत नाही. नाईट करणाऱ्या उरतात नऊ, आणि त्यांना महिन्याला दहा-दहा नाईट पडतात. वॉर्डातली निम्मी भांडणं इथून सुरू होतात आणि ती ‘हिला सूट, मला का नाही’ अशा भाषेत होतात. गरोदर सिस्टरवर राग काढण्यात अर्थ नाही. सूट देणं बरोबरच आहे, फक्त सूट मिळालेली माणसं नाईटच्या भागाकारातून आधी वजा करायची असतात. ते होत नाही.

सलग किती नाईट लावायच्या यावर जुन्या-नव्यांचं कधी जमत नाही. जुनी पद्धत आठवडाभर सलग लावायची. त्यात ‘शरीराला सवय होते’ असं सांगतात. शरीराला सवय होत नाही. दिवसाची झोप रोज दोन-तीन तास कमी पडते आणि ती साठत जाते. चौथ्या-पाचव्या रात्री चुका वाढतात. तीन सलग, फार तर चार, आणि मग निदान दोन पूर्ण रात्री घरी. नाईट संपून सकाळी घरी गेली तो दिवस ‘ऑफ’ म्हणून लिहायचा नाही. त्या दिवशी सकाळी साडेसातपर्यंत ती ड्युटीवरच होती. लिस्टमधली ही सगळ्यात जुनी चलाखी आहे, आणि ती करणारीला बहुधा आपण काही चुकीचं करतोय असं वाटतही नाही, कारण तिच्या इन्चार्जनेही तिला तसंच लावलेलं असतं.

क्रम मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाईट असा पुढे सरकता ठेवावा. झोप उशिरा ढकलणं शरीराला जमतं, अलीकडे ओढणं जड जातं. उलटा क्रम लागला की सर्वात वाईट जोडी तयार होते: इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग. लिस्टवर ती निरुपद्रवी दिसते, ‘इ’ आणि शेजारी ‘मॉ’. मध्ये साडेनऊ तास आहेत, झोप होईल की, असं वाटतं. पण वाशीला ड्युटी करणारी सिस्टर वाशीत राहत नाही. तिथलं घरभाडं तिच्या पगारात बसत नाही. ती बदलापूर, अंबरनाथ, दिवा, टिटवाळा इथून येते. साडेनऊला ड्युटी संपली तरी ओव्हर संपायला पावणेदहा-दहा होतात. रिक्षाने स्टेशन, ट्रान्स-हार्बरने ठाणे, पूल चढून मेन लाइनच्या प्लॅटफॉर्मवर, तिथून बदलापूर. घरात पाय ठेवते तेव्हा बारा वाजत आलेले असतात. जेवण, उद्याचा डबा, पाठ टेकायला पाऊण. सकाळी सातला वॉर्डात पोचायचं तर सव्वाचारला उठणं आलं. झोप झाली साडेतीन तास. त्या सकाळी ती इन्सुलिन भरणार आहे.

दोन ड्युट्यांत किमान अकरा तास हवेतच, आणि लांबून येणाऱ्यांसाठी बारा. लिस्ट लावून झाली की लाल पेन घ्यावं, आडवी ओळ वाचत जावं आणि जिथे जिथे ‘इ-मॉ’ दिसेल तिथे गोल करावा. आमच्याकडे लिस्ट नोटीस बोर्डवर जाण्याआधीची शेवटची पायरी हीच. गोल शून्य होत नाहीत, पण एका सिस्टरला महिन्यात एकाहून जास्त येता कामा नयेत. लिस्ट २५ तारखेच्या आत लागली पाहिजे. रविवारी रात्री व्हॉट्सअॅपवर पुढच्या आठवड्याची लिस्ट पाठवणाऱ्या वॉर्डात माणूस दोन दिवसांपलीकडचं आयुष्य ठरवू शकत नाही: मुलाची पालकसभा नाही, दातांच्या डॉक्टरची वेळ नाही, भावाचा साखरपुडा नाही. हा थकवा तासांत मोजता येत नाही, पण राजीनाम्याच्या वेळी कारण म्हणून बऱ्याचदा हाच बाहेर येतो.

नाईटच्या आत काय चालतं तेही लिस्टइतकंच महत्त्वाचं. पहाटे तीन ते पाच हा शरीराचा सर्वात खालचा काळ. अंगाचं तापमान उतरतं, डोळे उघडे असतात पण वाचलेलं डोक्यात जात नाही. आणि आपल्या बहुतेक हॉस्पिटलांत रक्ताचे नमुने काढायची वेळ आहे पहाटे पाच, कारण लॅबला सहाला ट्रे हवा, आणि लॅबला सहाला हवा कारण कन्सल्टंट नऊला राउंड घेतात तेव्हा रिपोर्ट फाइलला लागलेला पाहिजे. तीस बेडचे नमुने, तीन सिस्टर, अर्धवट उजेड, हाताची शीर सापडत नाही. सुई टोचण्याचे आणि ट्यूबवर चुकीचं लेबल लागण्याचे प्रकार याच वेळेत होतात. तातडीचे सोडून बाकीचे नमुने सहानंतर, आणि लॅबचा फ्लेबोटॉमिस्ट (रक्त काढणारा) साडेसहाला वॉर्डात. एवढा बदल लॅबच्या इन्चार्जशी बसून बोललं तर होतो. पैसे लागत नाहीत, फक्त दोन विभागांनी एकमेकांचं ऐकावं लागतं, म्हणून वेळ लागतो. सुई टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं, पिळायचं नाही, आणि ड्युटी संपायची वाट न पाहता कॅज्युअल्टीत जायचं. एचआयव्हीसाठीची औषधं लागणार असतील तर दोन तासांच्या आत सुरू झालेली बरी, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा. ‘सकाळी सांगते’ असं म्हणणारी सिस्टर बहुतेक वेळा ओरडा बसेल म्हणून गप्प असते.

झोपेबद्दल हॉस्पिटलं ढोंगी आहेत. नियमात नाईटला झोपायला बंदी, आणि प्रत्यक्षात सगळे खुर्चीत मान टाकून डुलक्या घेतात. त्यापेक्षा उघडपणे वाटून घ्यावं: एक ते तीनच्या दरम्यान प्रत्येकीला पाळीपाळीने वीस-तीस मिनिटं, चेंजिंग रूममध्ये आडवं होऊन, मोबाइलचा गजर लावून. तिचे पेशंट कोण बघणार ते बोर्डावर लिहायचं. तीस मिनिटांच्या वर गेलं तर गाढ झोप लागते आणि उठल्यावर माणूस बधिर असतो, म्हणून उठल्यावर पंधरा मिनिटं औषधाला हात लावायचा नाही. तोंड धुवावं, टीपीआर (ताप, नाडी, श्वसन) घ्यावेत. चहा-कॉफी तीनच्या आत. चारला घेतलेला कडक चहा घरी जाऊन झोपू देत नाही. सकाळी निघताना उन्हात डोळ्यांवर गॉगल घालावा. लोकलमधल्या बायका काय म्हणतील याची लाज वाटते, पण उजेड डोळ्यांत गेला की शरीर दिवस सुरू झाला असं धरतं. घरचा प्रश्न मात्र लिस्टने सुटत नाही. पाणी यायची वेळ, दाराची बेल, शाळेतून येणारी मुलं, आणि ‘आज घरीच आहेस ना, मग गॅसवाला येईल तेवढं बघ’. नाईट करणारी बाई घरी असते ती झोपायला, हे सासरच्यांना एकदा बसून सांगावं लागतं. नवऱ्याने सांगितलं तर लवकर पटतं, हेही खरं आहे.

कामाच्या आत काय शिरलंय ते पाहायला एक सोपी रीत आहे. चार दिवस प्रत्येक सिस्टरने खिशात कागद ठेवावा आणि पेशंटपासून दूर नेणारं जे जे काम केलं त्याची रेघ ओढावी. आमच्या रेघा सर्वात जास्त पडल्या डिस्चार्जपुढे. मेडिक्लेमच्या पेशंटचा एक डिस्चार्ज म्हणजे फाइल क्रमाने लावणं, उरलेली औषधं फार्मसीला परत करणं, बिलिंगला फोन, इन्शुरन्स डेस्कने मागितलेला एखादा गाळलेला कागद शोधणं, नातेवाइकांना ‘अप्रूव्हल आलं का’ याचं उत्तर देणं. अर्धा-पाऊण तास सहज जातो. दिवसाला सहा डिस्चार्ज असतील तर जवळजवळ अर्धी सिस्टर त्यातच संपते. त्यानंतर इंडेंट (स्टोअरला सामानाची मागणी), व्हीलचेअर शोधणं, आहाराचा निरोप, लिफ्टमनला फोन. यातलं काहीही जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) किंवा बीएस्सी नर्सिंग करून शिकायची गोष्ट नाही. वॉर्डाला एक क्लार्क नऊ ते सहा दिला तर मॉर्निंगच्या पाच सिस्टर साडेपाच झाल्यासारख्या होतात, आणि क्लार्कचा पगार सिस्टरपेक्षा कमी असतो. मॅनेजमेंटला पटतं ते हे पगाराचं वाक्य.

ओव्हरचाही हिशेब असाच. सहा पेशंट, प्रत्येकी तीन मिनिटं, अठरा मिनिटं. अर्ध्या तासात बसायला हवं, तरी पाऊण तास लागतो. कारण ओव्हर सुरू असताना क्रॅश कार्टचं (तातडीच्या औषधांच्या गाडीचं) सील बघणं, नार्कोटिक कपाटाची मोजणी, बीपी मशीन किती आहेत आणि किती चालतात हे सगळं त्याच वेळी होतं. मोजणीसाठी एकच सिस्टर बाजूला काढावी, बाकीच्यांनी बेडपाशी उभं राहून ओव्हर द्यावा: नाव, आजार, कोणत्या लाइन आणि ड्रेन, चालू ड्रिप आणि तिचा वेग, कोणतं औषध द्यायचं राहिलं, कोणता रिपोर्ट यायचा, नातेवाइकांना काय सांगितलंय. शेवटचं बहुतेक जणी गाळतात आणि पुढच्या दहा मिनिटांत त्याचीच किंमत मोजतात.

नातेवाइकांचा राग हा थकव्याचा मोठा वाटा आहे. वॉर्डात सर्वात जास्त दिसणारी आणि सर्वात कमी माहिती देण्याची परवानगी असलेली व्यक्ती म्हणजे सिस्टर, म्हणून आरडाओरडा तिच्यावर होतो. ‘डॉक्टर कधी येणार?’ याचं उत्तर तिच्याकडे नसतं. आरएमओने (हॉस्पिटलच्या निवासी डॉक्टरने) सकाळी अकराला आणि संध्याकाळी सहाला नातेवाइकांना एकत्र भेटायचं, वेळ दारावर लावायची; हे ज्या वॉर्डात नेमाने होतं तिथे आवाज चढणं कमी झालेलं दिसतं. आरएमओ दोन दिवस आला नाही की लगेच जुनं सुरू होतं. हात उचलला गेलाच तर तो वॉर्डातला किरकोळ वाद म्हणून मिटवायचा नाही. महाराष्ट्रात २०१० पासून वेगळा कायदा आहे: हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. तक्रार संस्थेच्या नावाने जावी, एकट्या सिस्टरला पोलीस स्टेशनला पाठवू नये.

कोण थकलंय हे ओळखण्याच्या ज्या खुणा सांगतात त्यांतली एक मला कधीच पटली नाही: पेशंटला नावाऐवजी बेड नंबरने हाक मारणं. ‘बारा नंबरचं सलाइन संपलं’ असं सगळा वॉर्ड म्हणतो, ताजीतवानी मुलगीही म्हणते. खरी खूण टीपीआर चार्टवर असते. श्वसनाचा रकाना वरून खाली वाचा. २०, २०, २०, २०. ताप बदलला, नाडी ८० वरून ११० झाली, तरी श्वसन वीसच. म्हणजे घड्याळ धरून मोजलं कुणी नाही. एखाद दिवस प्रत्येकीकडून होतं. पण जी सिस्टर पूर्वी १८, २२, २४ असं मोजून लिहायची तिच्या अक्षरात आठवडाभर सगळीकडे २० दिसू लागले, तर तिला मेमो देण्याआधी तिच्या मागच्या सहा आठवड्यांच्या ड्युट्या काढून बघाव्यात. बाकीच्या खुणा: नाईटनंतर एकेक दिवसाची सिक लीव्ह, डबा तसाच परत नेणं, वॉर्डातल्या मदतनीस मावशींवर क्षुल्लक कारणाने खेकसणं. आणि एक उलटी खूण, जी सहसा सुटते. सगळ्यांच्या ड्युट्या बदलून घेणारी, कधीच नाही न म्हणणारी, ड्युटी संपल्यावरही तासभर वॉर्डात रेंगाळणारी सिस्टर. इन्चार्जना ती फार आवडते. पुढचा राजीनामा बहुधा तिचाच असतो.

अंदाजावर जायचं नसेल तर मोजमाप आहे. मानसशास्त्रज्ञ मास्लाक यांची १९८१ ची बावीस प्रश्नांची यादी प्रसिद्ध आहे, पण ती विकत घ्यावी लागते. कोपनहेगन बर्नआउट इन्व्हेंटरी मोफत आहे: एकोणीस प्रश्न, सहा स्वतःच्या थकव्याचे, सात कामाचे, सहा पेशंटशी संबंधित. प्रत्येक उत्तराला ०, २५, ५०, ७५ किंवा १०० गुण, मग गटाची सरासरी. ५० किंवा वर गेलं की बर्नआउट धरतात. नाव न लिहिता भरून घ्यावी, पेटीत टाकावी, एचआरच्या ईमेलवर मागवू नये. तिन्ही गटांत कोणता आकडा वर आहे ते महत्त्वाचं. कामाचा आकडा वर आणि पेशंटचा खाली असेल तर मुलींना पेशंटचा कंटाळा आलेला नाही, लिस्टचा आला आहे. आमच्याकडे उत्तर असंच निघालं.

माणूस आधीच मोडला असेल तर लिस्ट पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ मध्ये बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, कामाशी जोडलेली स्थिती म्हणून: शक्ती संपणं, कामाबद्दल दुरावा किंवा कडवटपणा, आणि आपल्या हातून काही नीट होत नाही असं वाटणं. हे तिन्ही कामापुरतं असतं. सुट्टीतही उठावंसं वाटत नाही, मुलांशी बोलावंसं वाटत नाही, जेवण जात नाही, असं दोन आठवड्यांहून जास्त चाललं तर ते डिप्रेशन असू शकतं आणि त्याला डॉक्टरच लागतो. पीएचक्यू-९ हे डिप्रेशन चाचपणारे नऊ प्रश्न कुणीही भरू शकतं. २७ पैकी १० किंवा वर आलं तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. नवव्या प्रश्नाचं, म्हणजे मरणाच्या विचारांचं, उत्तर शून्य नसेल तर बेरीज न बघता त्याच दिवशी. सोबत हिमोग्लोबिन, टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि बी१२ करून घ्यावं. नाईट करणाऱ्या, अर्धपोटी राहणाऱ्या मुलींत हिमोग्लोबिन ८-९ निघणं नवीन नाही, आणि थकव्याचा अर्धा भाग कधी कधी तिथेच सापडतो.

स्वतःच्या हॉस्पिटलच्या ओपीडीत दाखवू नये. फाइल कोण कोण उघडतं हे आपल्यालाच माहीत असतं. ठाण्याच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची ओपीडी आहे. नावामुळे पाय अडखळतो, पण तिथे रोज नोकरदार माणसंही येतात. रात्री-अपरात्री बोलायचं तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. वॉर्डातली अल्प्राझोलाम या झोपेच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये टाकून झोप आणू नये. नाईटवाल्यांत हे होतं, सगळ्यांना माहीत आहे, आणि सुटायला महिने जातात.

रजेचं बघू. पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कामगार राज्य विमा) लागू असतो, आणि आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के मिळतात. अट अशी की संबंधित सहामाहीत किमान ७८ दिवसांचं योगदान भरलेलं हवं, आणि सर्टिफिकेट ईएसआयच्या डॉक्टरचं हवं. मग ज्या दिवशी ड्युटी बंद त्याच दिवशी तिथे जायचं, आठवड्याने नाही. सरकारी सेवेत अर्धवेतनी रजा वर्षाला वीस दिवस साठते आणि वैद्यकीय कारणाने ती परिवर्तित करून पूर्ण पगारावर घेता येते. ‘बर्नआउट’ असं लिहिलेलं सर्टिफिकेट ऑफिस परत पाठवतं. डॉक्टर तपासून जे निदान करतील, चिंताविकार म्हणा किंवा डिप्रेशन, तेच कागदावर असू द्यावं. कंत्राटी सिस्टरचं मात्र अवघड आहे. २०२० साली वाशीच्या सिडको प्रदर्शन केंद्रात आणि ठाण्यात बाळकुमला कोविड सेंटरं उभी राहिली तेव्हा कितीतरी मुली कंत्राटावर आल्या, आणि त्यानंतरही ही भरती त्याच साच्यात चालू राहिली. त्यांच्या कंत्राटाची प्रत, पीएफचा यूएएन (खाते क्रमांक) आणि ईएसआयचा नंबर त्यांच्या स्वतःच्या हातात आहे ना, एवढं तरी इन्चार्जने रुजू होतानाच बघावं.

रजेवरून परत आलेल्या सिस्टरला पहिल्या दिवशी पूर्ण सहा पेशंट आणि दोन दिवसांनी नाईट, असं लावलं की महिन्याभरात ती पुन्हा रजेवर जाते. पहिले दोन आठवडे फक्त मॉर्निंग, चार पेशंट, दुसऱ्या वॉर्डात फ्लोटिंग नाही, म्हणजे ऐनवेळी तिकडे पाठवणं नाही. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात इव्हिनिंग. नाईट सहाव्या आठवड्यापासून, पहिल्यांदा दोनच, आणि सोबत जिच्याशी तिचं जमतं ती. बाकीच्या कुरकुरतात. त्यांना कारण सांगायचं नाही, ते तिचं खासगी आहे. फक्त एवढं सांगायचं की तुमच्यावर वेळ आली तर लिस्ट अशीच लागेल.

मॅनेजमेंटला द्यायचं पत्र एका पानाचं असावं. पहिल्या रकान्यात किती ड्युट्या हव्यात, दुसऱ्यात हजर माणसांकडून किती होतात, तिसऱ्यात फरक आणि तो कसा भरला: किती डबल, किती रद्द ऑफ, किती एजन्सीच्या सिस्टर. खाली एक ओळ, जी लिहायला इन्चार्ज कचरतात: चौदा सिस्टरच्या दिवसाला साडेनऊ ड्युट्या होतात, म्हणजे प्रत्येक पाळीला तिघी, म्हणजे सहाला एक या प्रमाणाने अठरा बेड. तीस बेड चालवायचे तर माणसं द्या, नाहीतर माणसं मिळेपर्यंत बारा बेडवर अॅडमिशन घेऊ नका. ‘बेड बंद’ हे शब्द वाचले की बैठक लगेच बोलावली जाते. ‘स्टाफ थकला आहे’ या वाक्यावर ती बोलावली जात नाही. बारा बेड बंद होणार नाहीत, हे लिहिणाऱ्यालाही माहीत असतं. पण चार बंद होतात, किंवा दोन सिस्टर आणि एक क्लार्क मंजूर होतो. पत्र दर महिन्याच्या ५ तारखेला द्यावं, मेट्रन (मुख्य परिचारिका) ऑफिसच्या आवक रजिस्टरमध्ये नोंदवून पोच घ्यावी, आणि आपली प्रत लिस्टच्या फाइललाच लावावी.